बंदुकांच्या टेबलावर पैलवानाचं काय करायचं?

परभणीच्या एका गेम मास्टरचा, म्हणजे टेबलावर खेळ चालवणाऱ्याचा, प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही पाच जण दर रविवारी घरीच बसवलेल्या नियमांवर अंतराळातला रोल-प्लेइंग गेम खेळतो. दोन फासे टाकायचे, कौशल्य मिळवायचं, ८ किंवा जास्त आले की जमलं. रिकाम्या हाताचं डॅमेज एक फासा, पिस्तुलाचं तीन फासे वजा ३, रायफलीचं तीन फासे. पहारेकऱ्याचं चिलखत ५, जीव २०. एकाचं पात्र पैलवान आहे. तीन सेशन झाले, तो नुसता पळायलाय. हा पोचेपर्यंत बंदूकवाले सगळं उरकायलेत. म्हणून त्याच्या हाताचं डॅमेज पिस्तुलाएवढं केलं, ताकदीचा +३ वेगळा ठेवला. तर त्यानं लढाऊ रोबो तीन गुद्द्यांत आडवा केला. आता बाकीचे चिडायलेत. शिवाय त्याला कुस्ती, कराटे आणि गतका या काठी-ढालीच्या खेळाचे वेगळे नियम पाहिजेत. कुठं काय बदलू?"

आकडे दिलेत ते बरं केलंत, त्यामुळे नेमकं बोलता येईल.

प्रश्न डॅमेजचा वाटतो, पण खरी अडचण अशी की तुमच्या टेबलावर लढाईचं एकच माप आहे: समोरच्याचा जीव किती उतरला. त्या मापात बंदूक पुढेच राहणार, बंदूक त्यासाठीच केलेली असते. जत्रेच्या फडात पंच काय बघतात? कोणाला किती लागलं ते नाही, पाठीला माती लागली का ते. हातघाईचा निकाल हा ताबा असतो: कोण कोणाच्या मागे गेला, कोणाचा हात अडकला, हत्यार कोणाकडे राहिलं. तुमच्या नियमांत ताब्याला रकानाच नाही. म्हणून पैलवानाला तुम्ही कितीही दिलंत तरी तो एकतर बिनकामाचा ठरेल, नाहीतर चालती-फिरती तोफ होईल.

काही गोष्टी तुमच्यावरच सोडाव्या लागतील. तुमचा गेम काटेकोर विज्ञानाचा आहे की उड्या मारत तलवारी चालणारा, हे मला कळलेलं नाही. पुढचं सगळं काटेकोरपणाकडे झुकणाऱ्या टेबलासाठी आहे. दुसऱ्या प्रकारचं टेबल असेल तर गुरुत्वाकर्षणाचा भाग सरळ गाळा, ताबा मोजायच्या शिडीचा ठेवा.

आधी तुमचा उपाय उलटला का ते बघू. चिलखत नसेल तर हाताचं सरासरी डॅमेज ३.५ आणि पिस्तुलाचं ७.५, म्हणजे जेमतेम दुप्पट. आता ५ चिलखत वजा करा. एका फाशातून ५ गेले की फक्त ६ पडल्यावर १ पॉइंट लागतो, सरासरी ०.१७. पिस्तुलाची सरासरी मात्र २.८ उरते. दुपटीचा फरक सतरापटीवर गेला. हे काम चिलखत 'वजा' करण्यानं केलं. लहान आकड्यातून ठरावीक रक्कम कापली की तो आकडा मरतो, मोठ्याला खरचटतं एवढंच. तुम्ही हाताला तीन फासे वजा ३ दिले आणि वर ताकदीचे ३ मिळवले, म्हणजे बरोब्बर तीन फासे. पैलवानाच्या मनगटात रायफल बसवलीत, तीही गोळ्या न संपणारी आणि तपासणीत न सापडणारी. बाकीचे चिडले ते रास्तच.

हा तोटा भरायची जुनी युक्ती म्हणजे प्रशिक्षित हातापुढे चिलखत अर्धं धरायचं. २०२० सालच्या सायबरपंक रेड या खेळात मार्शल आर्टला ही सवलत आहे, साध्या मारामारीला नाही. आणि ते कौशल्य घ्यायला दुप्पट पॉइंट मोजावे लागतात. तुमच्याकडे ५चं अर्धं वर धरून ३ होईल आणि हाताची सरासरी ०.१७ वरून १ वर येईल. एवढं पुरे. गुद्द्यानं पहारेकरी मरू नये, पण वाया गेल्यासारखंही वाटू नये. रोबोला ही सवलत लावू नका. चिलखत अर्धं धरण्यामागचं कारण असं की शिकलेला माणूस सांधे, मान, काख अशा उघड्या जागा शोधतो. पोलादी खोक्याला तशा जागा नसतात.

आता अंतर. तो 'पोचेपर्यंत' सगळं उरकतं, यात दोष नकाशाचाही आहे आणि घड्याळाचाही. ट्रॅव्हलरसारख्या खेळांत (दोन फासे आणि ८चं लक्ष्य ही पद्धत १९७७च्या त्याच खेळातून पसरली) फेरी सहा सेकंदांची आणि चाल सहा मीटरची धरतात. सेकंदाला एक मीटर हा सकाळी फिरायला निघालेल्या आजोबांचा वेग झाला. डेनिस ट्युलर या अमेरिकी पोलीस प्रशिक्षकानं १९८३ मध्ये दाखवलं होतं की धडधाकट माणूस २१ फूट, म्हणजे ६.४ मीटर, साधारण दीड सेकंदात कापतो. तेवढ्यात कमरेची बंदूक काढून नेम धरणं मुश्किलीनं जमतं. त्यावरून नियम असा करा: अंतर ६ मीटर किंवा कमी आणि बंदूक म्यानात असेल तर धावणारा आधी. बंदूक हातात रोखलेली असेल तर बंदूकवाल्याला एक गोळी आधी, मग भिडंत. ६ ते १५ मीटरमध्ये पूर्ण फेरी धावून पोचता येतं, पण त्या फेरीत बचाव नाही. त्यापलीकडे पैलवानानं आडोसा शोधावा, तिथं त्याला झुकतं माप देऊ नका.

आणि नकाशे छोटे करा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातली अमेरिकी प्रयोगशाळा ८.५ मीटर लांब आणि ४.३ मीटर व्यासाची आहे, त्यातही चारी बाजूंनी कपाटं. एवढ्या जागेत सगळेच पहिल्या फेरीत हाताच्या टप्प्यात येतात. अंतराळयानात ४० मीटर लांब सरळ, मोकळा बोळ कोणी बांधत नाही, हवा आणि वजन दोन्ही महाग असतात. नमुना हवा असेल तर दौलताबादला जाऊन देवगिरी किल्ल्यातली अंधारी ही भुयारी वाट बघा. काळोख, वळणं, ओबडधोबड पायऱ्या, आणि शत्रूला संख्येचा फायदा मिळू नये अशी रचना. तोच आराखडा वजनरहित मालवाहू जहाजात ठेवला की पैलवानाचं पात्र आपोआप कामाचं होतं, नियमाला हात न लावता.

आता मुख्य भाग, ताब्याची शिडी. मी चार पायऱ्या ठेवतो आणि नावं आखाड्यातलीच वापरतो, कारण खेळाडूंना ती लगेच कळतात. तळाला खडाखडी: हात लागलेत, पण कोणी कोणाला धरलेलं नाही. मग पकड: एक हात किंवा पाय हातात आला. इथं धरलेल्याला रायफल वापरता येत नाही आणि पिस्तुलाला –२. त्यावर कब्जा: पाठीमागे गेलात किंवा खाली घेतलंत. धरलेला माणूस सुटण्याची धडपड सोडून दुसरं काही करू शकत नाही. शेवटी चीत. इथं पोचलं की जिंकणाऱ्यानं एक गोष्ट निवडायची: हत्यार काढून घेणं, हात बांधणं, ढाल म्हणून पुढे धरणं, ओढत नेणं किंवा इजा करणं. यात कुठंही चिलखत मोजायचं नाही. चिलखत घातलेला माणूसही पाठीवर पडतो, उलट उठायला त्याला जास्त वेळ लागतो.

फेरीला एकदा दोघांनी फासे टाकून आपापलं कौशल्य मिळवायचं. जिंकला तो एक पायरी वर. ४ किंवा जास्त फरकानं जिंकला तर दोन पायऱ्या. बरोबरी झाली तर जिथल्या तिथं. धरलेला जिंकला तर एक पायरी खाली, आणि ४ किंवा जास्त फरकानं जिंकला तर पकड उलटून त्याच्या हातात.

तुमचा पैलवान +३ आणि पहारेकरी ० असा जोड लावून बघा. एका फेरीत पैलवान जिंकण्याची शक्यता ७६ टक्के, बरोबरी ८ टक्के, हार १६ टक्के. दोन पायऱ्यांची उडी ४४ टक्के वेळा. म्हणजे खडाखडीपासून चीतपर्यंतच्या तीन पायऱ्या तो जवळजवळ निम्म्या वेळा दोनच फेऱ्यांत चढतो. शेजारी +२चा पिस्तूलवाला ठेवा. त्याला ६ लागतात, म्हणजे ७२ टक्के नेम. चिलखत नसलेल्या २० जीवाच्या माणसाला पाडायला त्याला सरासरी चारेक फेऱ्या लागतील, ५ चिलखत असेल तर दहाच्या आसपास. एकास एक असेल तर पैलवान वरचढ, आणि तसंच असावं. पॉइंट त्यानं त्यासाठीच मोजलेत. पण एकावेळी तो एकालाच धरू शकतो. तिथं हिशेब फिरतो.

ती बाजू नियमात घट्ट बसवा, नाहीतर बंदूकवाले पुन्हा चिडतील. पकडीत गुंतलेल्याला बचाव नाही, तिसऱ्या माणसाला त्याच्यावर +२. पण पकडीत गोळी घालायची तर नेम १ किंवा २नं हुकला की गोळी दुसऱ्याला लागते. त्यामुळे शत्रू आपल्या साथीदारावर गोळी झाडायला कचरतात आणि पैलवान माणूस फिरवून मधे धरतो. कब्जाच्या वर गेल्याशिवाय असं फिरवता येऊ नये. अजून एक पथ्य: वजन. पाटोद्याच्या राहुल आवारेनं २०१८च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण घेतलं ते ५७ किलो गटात. वजनगट असतात कारण वजनाला खरंच किंमत असते. दर २० किलोंच्या फरकाला जड माणसाला +१ द्या, पण जास्तीत जास्त +३. वजन दुपटीहून जास्त असेल तर उचलून फेकणं बंद, फक्त पाय काढून पाडणं चालू.

इथवरचं एका दमात: हाताचं डॅमेज एक फाशावरच ठेवा, माणसापुढे चिलखत अर्धं धरा, अंतर आखडा, आणि ताब्याला स्वतंत्र शिडी द्या. टेबल सुधारायला एवढं पुरतं. पुढचं अंतराळाच्या चवीसाठी.

गुरुत्वाकर्षणात बहुतेक जण एक चूक करतात: चंद्रावर वजन सहावा हिस्सा, म्हणून पैलवान सहापट भारी, असं धरतात. उचलणं सोपं होतं हे खरं. पण वस्तुमान तेवढंच राहतं, आणि बुटाची जमिनीवरची पकडही सहावा हिस्साच होते. धावत येऊन एकेरी पट काढायला (एक पाय धरून पाडायला) गेलात तर पाय निसटतो, कारण रेटा द्यायला जमीनच हाती लागत नाही. धावल्यावर थांबायला किंवा वळायला फासे टाकायला लावा, हुकलं तर तोल गेला. फेकण्याचा मार तर सरळ कमी होतो. १.२ मीटरवरून आपटलं तर पृथ्वीवर वेग ४.९ मीटर प्रतिसेकंद, मंगळावर ३, चंद्रावर २. आपटण्याची ऊर्जा गुरुत्वाकर्षणाच्या प्रमाणात उतरते. म्हणून कलाजंग किंवा ढाक असा फेकीचा डाव लागला तर पृथ्वीवर दोन फासे, मंगळावर एक फासा वजा १, चंद्रावर एक फासा वजा ३ असं ठेवा. चंद्रावरची धोबीपछाड दिसायला भव्य, लागायला उशीच्या मारासारखी.

वजनरहित अवस्थेत गोष्ट आणखी वेगळी. मोकळ्या तरंगत्या माणसानं जोरात गुद्दा हाणला तर हाताचा जो संवेग समोरच्याला मिळतो, तेवढाच उलटा यालाही मिळतो. हाताचं परिणामकारक वजन ३ किलो आणि वेग ८ मीटर प्रतिसेकंद धरला, माणसं ८० किलोंची, तर दोघंही सेकंदाला ०.३ मीटर वेगानं एकमेकांपासून दूर जातात. सहा सेकंदांच्या फेरीत मधलं अंतर साडेतीन मीटर! लढाई संपली, दोघं दोन भिंतींकडे निघाले. पिस्तुलाचा झटका मात्र नगण्य: ८ ग्रॅमची गोळी ३६० मीटर प्रतिसेकंदानं सुटली तर ८० किलोंचा माणूस सेकंदाला तीन-चार सेंटिमीटर सरकतो. 'अंतराळात गोळी झाडली की माणूस मागे उडतो' हे बहुतेक टेबलांवर ऐकू येतं, प्रत्यक्षात गोळीपेक्षा गुद्दा आठपट जास्त मागे ढकलतो.

यावरून तीन नियम निघतात. टेकू नसेल, म्हणजे पाय कांबीखाली अडकवलेला नसेल किंवा एका हातानं दांडी धरलेली नसेल, तर वाराचं डॅमेज निम्मं आणि दोघं अलग. पकडीला हा दंड नाही, कारण धरल्यावर दोघं मिळून एकच वस्तू होतात आणि सोबतच गरगरतात. आणि कब्जावरून चीतला जायला तिसरी वस्तू लागते: भिंत, पट्टा, जाळी. पाठीला लावायला माती नाही, तेव्हा माती शोधावी लागणार. खेळाडूनं 'त्याला कुठल्या वस्तूवर दाबतोस?' याचं उत्तर दिल्याशिवाय शेवटची पायरी देऊ नका. या एका प्रश्नानं खोलीचं वर्णन जिवंत होतं.

फिरत्या स्थानकाबद्दल थोडं, कारण झुंजीच्या ओघात फेकाफेकी येणारच. मिनिटाला दोन फेरे घेणारं आणि पृथ्वीइतकं वजन देणारं चाक २२४ मीटर त्रिज्येचं असावं लागतं. तिथं गुद्द्याला कोरिओलिसचा (फिरत्या जागेत वाट वाकण्याचा) परिणाम दीड-दोन सेंटिमीटरचा, म्हणजे विसरा. पण सेकंदाला २० मीटरनं फेकलेली वस्तू अर्ध्या सेकंदात पृथ्वीवर १.२ मीटर खाली येते. तीच इथं फिरण्याच्या दिशेनं फेकली तर २.५ मीटर, विरुद्ध दिशेनं फेकली तर ०.४ मीटर. चाकाच्या आसाला समांतर फेकली तर नेहमीसारखीच. स्थानकावर वाढलेल्याला हे अंगवळणी पडलेलं असतं, म्हणून नवख्याला –२, तिथल्या माणसाला काही नाही.

अंतराळ पोशाखात झुंज असेल तर सगळं मंदावतं. नासाच्या स्थानकावरच्या पोशाखात दाब वातावरणाच्या साधारण ०.३ पट असतो, तेवढ्यानंही हातमोजा फुगून कडक होतो आणि मूठ वळायलाच जोर लागतो. पकडीला –२, आणि चार फेऱ्यांनंतर दमाचा फासा. मान आवळणं बाद, गळ्याभोवती धातूचं कडं असतं. उलट पट्टे, नळ्या, पाठीवरची पेटी ही धरायला आयती मुठीएवढी जागा. शिरस्त्राण उघडणं किंवा नळी उपटणं हे चीत झाल्यावरच चालू द्या, आणि ते खून करणं आहे हे खेळाडूच्या तोंडून वदवून घ्या. १९६६ मध्ये नासाच्या निर्वात कक्षात पोशाखाची नळी निसटलेल्या तंत्रज्ञाची शुद्ध साधारण १४ सेकंदांत हरपली होती. सहा सेकंदांच्या दोन फेऱ्या, तिसरीला माणूस बेशुद्ध. तेवढ्यात नळी परत लावली तर वाचतो. तो तंत्रज्ञही वाचला.

रोबोला दुखत नाही, श्वास नाही, रक्त नाही. त्यामुळे त्याच्यावर शिडी चालवा, पण फळ बदला. पकडीला काही बिघडत नाही, कब्जाला पाठीमागची झडप हाताशी येते, चीत झाल्यावर वीज तोडता येते. तीनशे किलोंच्या यंत्राला उचलून आपटणं नाही. पैलवान दोन फेऱ्या लोंबकळत असताना तंत्रज्ञाचं पात्र झडप उघडतंय, अशी जोडी बसली की रोबो कोणा एकाचा बळी राहत नाही.

आणि 'गोळीनं यानाला भोक पडेल' या धाकाबद्दल. बंदुका बंद पाडायला गेम मास्टर हा धाक हमखास वापरतात, पण तो फसवा आहे. ९ मिलिमीटरचं भोक पडलं तर १०० घनमीटरच्या खोलीतला दाब १० टक्के उतरायला पाव तास लागतो. २०१८ मध्ये स्थानकाला जोडलेल्या सोयुझ यानात २ मिलिमीटरचं भोक सापडलं, ते टेप आणि इपॉक्सीनं बुजवलं. तुमचा इंजिनिअर खेळाडू हा हिशेब करून मोकळा होईल आणि धाक जाईल. खरी भीती भिंतीमागच्या गोष्टींची दाखवा: वायरींचे जुडगे, शीतकाची नळी, ऑक्सिजनची टाकी. गोळी हुकली तर एक फासा टाका. १ आला तर त्या खोलीचं काहीतरी बंद पडलं, आणि काय ते आधीच लिहून ठेवा.

आता शैलींचा प्रश्न. वीस डावांची यादी करू नका. १९८६च्या गर्प्ससारखे खेळ एका सेकंदाची फेरी धरून प्रत्येक डावाला वेगळा आकडा देतात. दोघांच्या झुंजीला ते झकास, पण पाच जणांच्या टेबलावर बाकीचे तिघं मोबाइल काढून बसतात. प्रत्येक शैलीला एक देणं आणि एक अडचण द्या, बास. कुस्तीला पकडीपासून वर +१, उभ्यानं वार करण्यात काही नाही. शैली म्हणून तुमच्या पैलवानाला मी फक्त हेच देईन. कराटेला पहिल्या फेरीच्या वाराला +१ आणि अर्ध्या चिलखताची सवलत. टेकू सुटला किंवा पकडीत सापडला की दोन्ही गेलं. अर्धं चिलखत फक्त वार करणाऱ्या शैलींना ठेवलंत तरी चालेल, कुस्तीला शिडी आहेच. ज्युदोला कपडा धरायला लागतो, म्हणून पोशाखाच्या पट्ट्यांवर तो खुलतो आणि गुळगुळीत चिलखतावर अडतो.

गतका मूळचा पंजाबातल्या शिखांचा, आपल्याकडे नांदेडच्या होला मोहल्ल्यात बघायला मिळतो, आणि टेबलावर तो अगदीच वेगळा वाटतो. हातात काठी, दुसऱ्या हातात छोटी फरी. देणं असं: भिडायला येणाऱ्यावर एक वार आधी, आणि फरीमुळे जवळच्या वाराला शत्रूला –१. अडचण अशी: दोन मीटरपेक्षा अरुंद बोळात काठी फिरत नाही, –२, आणि वजनरहित अवस्थेत काठी फिरवली की अंग उलट्या बाजूला फिरतं, टेकू नसेल तर पुढच्या फेरीला तोल गेलेला. कोल्हापूरकडच्या दांडपट्ट्यालाही हाच नियम लागेल, फक्त पातं असल्यामुळे भिंतीतल्या वायरींचा फासा प्रत्येक हुकलेल्या वाराला टाका.

डावांची नावं मात्र खेळाडूला मोकळेपणानं घेऊ द्या. "मी घिस्सा लावतो" म्हणाला तर तो कब्जावरून चीतला जातोय एवढं तुम्ही समजून घ्यायचं. जमीन आहे का, वजन आहे का, तेवढं विचारायचं. नावाला वेगळा आकडा नको. नाहीतर तुमच्याकडे माळेगावच्या यात्रेचा फड तयार होईल आणि कथा बाजूला राहील.

प्रसंग बेतताना तीनातला एक असा ठेवा की बंदूक असूनही परवडत नाही. जिवंत पकडायचा माणूस, जकातीच्या तपासणीनंतरचं आवार, गर्दीचा भाजीबाजार. तुमच्या शेजारीच एक तयार जागा आहे: हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ मंजूर झालेली लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा, चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा आणि आत निर्वात नळ्या. दोनशे वर्षांनंतरचं औंढा कल्पून बघा. नळीला लागून अरुंद बोळ, पलीकडे निर्वात, आणि पहारेकऱ्यांना सक्त ताकीद की या बाजूला गोळी चालवायची नाही. चोर आत शिरलेत. कोणाला पुढे धाडाल?

टेबलावर आणण्याआधी वीस मिनिटं चाचणी घ्या. तुम्ही आणि पैलवानाचा खेळाडू, दोघांनीच दहा झुंजी फाशांवर खेळा. सरासरी तीन फेऱ्यांच्या आत चीत होत असेल तर ठीक. पाचच्या पुढे जात असेल तर दोन पायऱ्यांच्या उडीसाठी लागणारा फरक ४ऐवजी ३ करा. दहापैकी दहा पैलवानच जिंकत असेल तर पहारेकऱ्यांत एकाला +२ द्या. प्रत्येक तुकडीत एखादा तालमीतला गडी असतोच. मग तिसरा माणूस आणि एक बंदूक घालून पाच झुंजी पुन्हा. इथं पैलवान निम्म्याहून जास्त हरला तर घाबरू नका, तसंच व्हायला पाहिजे. त्याला आडोसा आणि साथीदाराची गोळी लागते.

राहिला त्याला दिलेला जादा डॅमेज. तो गुपचूप काढू नका. सेशनच्या आधी सगळ्यांसमोर शिडीचा कागद ठेवा, रोबोचा प्रसंग झाला तसा ग्राह्य धरा, आणि हाताचा आकडा एक फाशावर आणताना त्याला कौशल्याचे दोन पॉइंट परत द्या. ते बहुधा तो पकडीतच घालेल. त्यातला एक दमाच्या फाशासाठी राखायला सांगा, पहिल्याच पोशाखातल्या झुंजीत लागेल.